फेऱ्यांबरोबर संदेशही मोजा
बिनतारी जाळ्यात कोणत्या प्रेषकाने किती शक्तीने प्रक्षेपण करायचे हे आपसांत संदेश देऊन ठरवणारा तुमचा अल्गोरिदम ५० फेऱ्यांत स्थिरावतो हे ठीक, पण प्रत्येक फेरीत किती संदेश जातात ते आधी मोजा. २० प्रेषक-ग्राहक (रिसीव्हर) जोड्यांनी आपापली व्यत्यय-किंमत (इतरांच्या प्रक्षेपणाने आपले किती नुकसान होते याचे माप) एकमेकींना स्वतंत्रपणे कळवायची म्हटले, तर एका फेरीला ३८० संदेश लागतात. आणि २ गिगाहर्ट्झवर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोबाइलचा चॅनेल (प्रेषक ते ग्राहक हा रेडिओ-मार्ग) साधारण ४ मिलिसेकंदांतच बदलत असल्याने, उत्तर हाती येईपर्यंत ते शिळे झालेले असते. सिम्युलेशनमध्ये संदेशांचा हा खर्च शून्य धरण्याची चूक मीही केली आहे. फोशिनी-मिल्यानिच या संशोधकांची १९९३ ची शक्ती-नियंत्रण पद्धत अवश्य अभ्यासा: तीत प्रत्येक प्रेषक फक्त स्वतःच्या ग्राहकाने मोजलेल्या सिग्नल-व्यत्यय गुणोत्तरावरून शक्ती ठरवतो, शेजाऱ्यांना काही विचारत नाही; मात्र सर्वांची या गुणोत्तराची उद्दिष्टे एकाच वेळी साध्य होण्याजोगी असावी लागतात. किंमत पाठवणे टळतच नसेल, तर ती सर्वांसाठी एकदाच प्रसारित करा, मोजक्या बिटांत बसवा आणि फारशी बदलली नसेल तेव्हा पाठवूच नका.