वाचक विचारतात: इटालियन प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकायला कोठून सुरुवात करावी?

प्रश्न: मी एका भजनी मंडळात पेटी वाजवतो. गणपतीला मुंबईहून आलेल्या भाच्याने इटालियन प्रोग्रेसिव्ह रॉकची काही गाणी ऐकवली. त्यांतली कीबोर्डची कामगत फार आवडली, पण नावे लक्षात राहिली नाहीत. पाश्चात्त्य संगीताशी माझी ओळख जुजबी आहे. सुरुवात कशाने करावी?
(एक वाचक, कुडाळ)

उत्तर: प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे साध्या गाण्याच्या चौकटीबाहेर जाऊन लांब, अनेक भागांच्या रचना करणारे रॉक संगीत. आपण पेटी वाजवता ही येथे मोठीच जमेची बाजू आहे, कारण १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात इटलीत जे रॉक घडले त्यात गिटारइतकाच, किंबहुना काही गटांत गिटारपेक्षा अधिक, मान ऑर्गन, पियानो आणि सिंथेसायझर (विजेच्या मंडलांतून स्वर निर्माण करणारे वाद्य) यांना होता. सुरुवात मिलानच्या ‘प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी’ या गटाच्या ‘स्तोरिया दि उन मिनुतो’ या १९७२ सालच्या पहिल्या अल्बमने करावी, असे मी निःशंकपणे सांगेन. या गटाला सारे जण पीएफएम म्हणतात. अल्बम जेमतेम पस्तीस मिनिटांचा आहे आणि त्यात नवख्या श्रोत्याला दमवणारे फारसे काही नाही.

त्यातले ‘इम्प्रेस्सियोनी दि सेत्तेम्ब्रे’ हे गाणे आधी दोन-तीन वेळा नीट ऐका. सुरुवातीला गिटारच्या साथीने गायक जवळजवळ स्वतःशीच बोलल्यासारखा गातो. पहाटेचे शेत आहे, दव पडले आहे आणि सूर्य अजून दिसत नाही, एवढाच प्रसंग. आता ध्रुवपद येणार आणि गायक आवाज चढवणार, असे वाटते त्या जागी शब्दच थांबतात आणि संपूर्ण ध्रुवपद गटाचे कीबोर्डवादक फ्लाव्हियो प्रेमोली यांचा मूग बनावटीचा सिंथेसायझर गातो. त्या काळचा हा मूग एका वेळी एकच स्वर काढणारा होता, त्यामुळे त्यावर पेटीसारखे दोन-तीन स्वर एकत्र दाबून भराव घालता येत नसे. पण एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्यात होती, म्हणजे जी मींड पेटीवर निघत नाही ती या वाद्यावर निघू शकते. आपल्यासारख्या वादकाने ही जागा पेटीवर काढून पाहावी. चाल सहज सापडेल, तो ओघळ मात्र पेटीला साधणार नाही.

याच संगीतात मागे व्हायोलिनच्या ताफ्यासारखा एक किंचित धुरकट आवाज वारंवार ऐकू येतो, तो मेलोट्रॉनचा. या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असतो. पट्टी दाबली की फीत सरकते आणि आधी मुद्रित केलेला स्वर वाजतो. फीत साधारण आठ सेकंदांत संपते, म्हणून वादकाला त्याआधी बोट उचलावेच लागते. त्या काळच्या मेलोट्रॉनच्या साथी संथ असूनही सतत स्वरसंगती बदलत राहतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

पीएफएम कानात मुरल्यावर रोमच्या ‘बांको देल मुतुओ सोक्कोर्सो’कडे वळावे. या गटात व्हित्तोरियो आणि जान्नी नोचेन्झी हे दोघे भाऊ कळफलकावर बसत, एक मुख्यतः ऑर्गनवर आणि दुसरा पियानोवर. डबलबारीत एका बुवांनी टाकलेला सवाल दुसरे बुवा उचलतात, तसे हे दोघे एकमेकांचे वाक्य पुढे नेतात, मात्र येथे कोणी कोणाला हरवायला बसलेले नसते. त्यांच्या १९७२च्या पहिल्या अल्बमचे वेष्टन पैसे साठवण्याच्या मातीच्या गल्ल्याच्या आकारात कापलेले होते आणि त्याच्या फटीतून कागदाची पट्टी ओढली की गटातल्या वादकांची छायाचित्रे बाहेर येत. हौसेला मोल नसते, दुसरे काय! गायक फ्रांचेस्को दी जाकोमो हे धिप्पाड, दाढीवाले गृहस्थ. इटालियन दिग्दर्शक फेलिनींच्या चित्रपटांत ते छोट्या भूमिकांतही दिसतात. त्यांचा आवाज ऑपेराच्या वळणाचा, भरदार आणि तरीही हळवा आहे. २०१४ साली त्यांचे अपघाती निधन झाले. माझ्या मते या साऱ्या चळवळीत त्यांच्या तोडीचा गायक एकच झाला, आणि त्याच्याविषयी खाली मालवणच्या वाचकाला दिलेल्या उत्तरात लिहिले आहे.

प्रश्न: मला इटालियन येत नाही. पीएफएमचे इंग्रजी अल्बमही आहेत असे कळले. ते आधी ऐकले तर सोपे जाईल का?
(एक विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर: नाही, आणि याबाबतीत माझे मत ठाम आहे. १९७३ साली पीएफएमने ‘फोटोज ऑफ घोस्ट्स’ काढला, तेव्हा आधीच्या चाली बव्हंशी तशाच ठेवून इंग्लंडचे गीतकार पीट सिनफिल्ड यांच्याकडून नवे इंग्रजी शब्द लिहून घेतले. ती भाषांतरे नव्हेत. म्हणजे इंग्रजी ऐकून मूळ गाण्याचा अर्थ कळेल ही अपेक्षाच फोल ठरते, आणि वर उच्चारांत अवघडलेपण येते ते निराळेच. ‘ले ओर्मे’ या व्हेनिस परिसरातल्या गटाच्या ‘फेलोना ए सोरोना’लाही पीटर हॅमिल यांनी इंग्रजी शब्द दिले; हॅमिल उत्तम कवी आहेत, तरीही मूळ इटालियन तबकडीच सरस आहे. इटालियन शब्द बहुधा स्वरान्त असतात, त्यामुळे गायकाला ओळीच्या शेवटी आवाज मोकळा सोडता येतो. या चाली त्या मोकळ्या शेवटांसाठीच बेतलेल्या आहेत आणि व्यंजनावर बंद होणाऱ्या इंग्रजी शब्दांनी त्यांचा श्वास कोंडतो.

इंग्रजीचा हा मोह गटांना का पडला, हेही समजण्यासारखे आहे. इटलीतल्या श्रोत्यांनी ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह गटांना खुद्द ब्रिटनमधल्या श्रोत्यांच्याही आधी डोक्यावर घेतले होते. हॅमिल यांच्याच ‘व्हॅन डर ग्राफ जनरेटर’ या ब्रिटिश गटाचा ‘पॉन हार्ट्स’ हा अल्बम इटलीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला होता. तेव्हा आपणही समुद्रापलीकडे जावे असे इटालियन गटांना वाटले तर नवल नाही. आपण एवढेच करावे: गाणे ऐकण्यापूर्वी त्याच्या शब्दांचा अर्थ एकदा वाचून घ्यावा, कागद बाजूला ठेवावा आणि मग ऐकावे.

प्रश्न: वीस-वीस मिनिटांच्या रचनांत माझे लक्ष टिकत नाही. कोठे काय चालले आहे तेच कळत नाही. काय करावे?
(एक वाचक, देवगड)

उत्तर: लांब रचनांपासून आरंभ करण्याची सक्ती कोणी केली? ‘ले ओर्मे’चे ‘जोको दि बिंबा’ तीन मिनिटांच्या आत संपते. चाल अंगाईसारखी गोड आहे, शब्द मात्र एका मुलीवरच्या अत्याचाराकडे बोट दाखवणारे आहेत, आणि हा विरोध जाणवला की गाणे पुन्हा पहिल्यासारखे ऐकता येत नाही. बांकोच्या १९७२च्याच ‘डार्विन!’ या अल्बमची सुरुवात सुमारे चौदा मिनिटांच्या रचनेने होते. ती तूर्त सोडा आणि त्याच अल्बममधले ‘७,५०,००० वर्षांपूर्वी... प्रेम?’ अशा अर्थाच्या नावाचे गाणे लावा. बोलता न येणाऱ्या आदिमानवाची एका स्त्रीविषयीची ओढ दी जाकोमो यांनी त्यात अशी गायली आहे, की उत्क्रांतीचा विषय क्षणभर विसरायला होतो.

मग १९७३चा ‘फेलोना ए सोरोना’ घ्यावा. सारा अल्बम मिळून एकच कथा आहे आणि तीही तेहेतीस-चौतीस मिनिटांत आटोपते. फेलोना हा उजळ, सुखी ग्रह, सोरोना अंधारलेला. सृष्टिकर्त्याचे लक्ष आधी एकाकडेच असते, ते दुसऱ्याकडे वळते, दोहोंचा तोल काही काळ साधतो आणि मग सारे विलयाला जाते. शेवटच्या भागात शब्द नाहीत, नुसता वाद्यांचा कल्लोळ आहे. प्रत्येक भागात कोणता ग्रह चालू आहे एवढेच मनाशी ठेवले की लक्ष आपोआप टिकते. गिटार येथे बेताचीच. ऑर्गन, बास आणि ड्रम्स या तिघांवर सारी भिस्त आहे. घाटातून गाडी चालवताना ऐकू नका, हलके भाग इंजिनाच्या आवाजात बुडून जातात. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते तेव्हा इअरफोन लावून ऐकण्याइतकी सोय दुसरी नाही.

प्रश्न: ‘आरेआ’ या गटाचे खूप नाव ऐकले म्हणून तेच आधी लावले आणि डोके दुखू लागले. आमच्यासाठी नाही असे समजावे का? आणि ही सारी मंडळी इतक्या लवकर मागे का पडली?
(एक वाचक, मालवण)

उत्तर: आरेआ हे शेवटी ऐकण्याचे प्रकरण आहे. वर दी जाकोमो यांच्या तोडीचे म्हणून ज्यांचा उल्लेख केला ते गायक याच गटाचे: देमेत्रिओ स्त्रातोस. जन्म १९४५ साली इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात, आईवडील ग्रीक, आणि कारकीर्द इटलीत. एकाच वेळी गळ्यातून दोन स्वर काढण्यापर्यंत त्यांनी आवाजाचा अभ्यास नेला होता. १९७३च्या पहिल्या अल्बममधले पहिलेच गाणे अरबी भाषेतल्या एका स्त्रीच्या बोलण्याने सुरू होते, त्यानंतर पूर्व भूमध्य प्रदेशातल्या लोकसंगीताच्या वळणाची चाल विषम मात्रांच्या ठेक्यावर धावू लागते आणि मध्येच सारे मोडून पडते. आपले डोके दुखले ते याच मोडतोडीने. तेवढेच एक गाणे, तेही पहिल्या तीन मिनिटांपुरते, पुन्हा ऐका. नेपल्सच्या ‘इल बाल्लेत्तो दि ब्रोन्झो’ या गटाचा ‘इस’ हा अल्बमही थोर आहे, पण काळोखा आहे. तोही सध्या लांबच ठेवा.

मागे पडण्याची कारणे अनेक. कित्येक गटांचा एकच अल्बम निघाला आणि गट फुटले. दशकाच्या मध्यापासून इटलीतले संगीताचे कार्यक्रम राजकीय धुमश्चक्रीत सापडले. तिकीट न काढता आत घुसणारे जमाव, अश्रुधूर, लाठ्या, यांमुळे परदेशी गटांनीही तिकडे पाठ फिरवली. श्रोते एकट्याने गाणाऱ्या कवी-गायकांकडे वळले. पीएफएमने ते ओळखले आणि १९७९ साली फाब्रित्सिओ दे आंद्रे या कवी-गायकाची गाणी त्याच्यासोबत नव्या वाद्यरचनेत सादर केली. त्या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण आरेआच्या कितीतरी आधी ऐकावे. त्याच वर्षी १३ जूनला स्त्रातोस न्यूयॉर्कमध्ये रक्ताच्या दुर्धर आजाराने गेले. त्यांच्या उपचारांसाठी पैसा उभारावा म्हणून मिलानमध्ये १४ जूनला ठरलेला कार्यक्रम त्यांच्या स्मरणार्थ झाला, आणि त्यात या उत्तरांत आलेल्यांपैकी पीएफएम आणि बांको हे दोन्ही गट वाजवायला उभे होते.