प्रश्न तुमचे : अंबडच्या मोसंबीतून व्हॅलेन्सियाच्या संत्र्यात

प्रश्न : ताई, अंबड तालुक्यात आमची मोसंबीची बाग आहे. मुलगी कृषी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजमार्फत स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात एका सत्रासाठी तिची निवड झाली आहे, फेब्रुवारी ते जून. तिथली फी माफ, राहण्या-खाण्याचा खर्च आमचा. भावकीतले म्हणतात, पाच महिन्यांत पोरगी काय शिकून येणार? तेवढ्यात शेततळं होईल. घरात माळ आहे, त्यामुळं तिच्या आईला खाण्याची धास्ती. पाठवावं का? आणि पाठवायचं तर आधी काय बघावं?
– एक मोसंबी उत्पादक

(पत्राच्या तळाशी वेगळ्या शाईत : 'ताई, माझं स्पॅनिश ए-टूपर्यंत, म्हणजे प्राथमिकच्या दुसऱ्या पायरीपर्यंत झालंय. वर्गात फारसं बोलले नाही तर चालेल का?')

उत्तर : काका, पाठवा. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकताना मीही एक सत्र व्हॅलेन्सियाला होते, आणि आता संभाजीनगरला मुलांना स्पॅनिश शिकवते. माहेर मानवतचं, घरी कोरडवाहू शेती. त्यामुळं शेततळं की पोरीचं शिक्षण, हा प्रश्न मला कुणी समजावून सांगायला नको. तुमच्या भावकीचा हिशोब खोटा नाही. पण तुमची मुलगी ज्या गावाला निघालीय, ते लिंबूवर्गीय फळांचं गाव आहे. दुसऱ्या कुठल्या शहराचं पत्र असतं तर मी एवढ्या ठामपणे लिहिलं नसतं.

आधी कागद. युरोपात अभ्यासाचा भार ईसीटीएस क्रेडिटमध्ये मोजतात, पूर्ण सत्राला 30. तिथं कोणते विषय घेणार आणि त्याबदल्यात इथले कोणते विषय सुटणार, याचा एक करार असतो. त्यावर मुलीची, तुमच्या कॉलेजची आणि तिथल्या विद्यापीठाची अशा तिघांच्या सह्या लागतात. तो हातात पडल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. 'आल्यावर बघू' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, नाहीतर तेच पेपर तिला परत द्यावे लागतील. तिथं गुण दहापैकी असतात आणि पाचला पास. सात म्हणजे चांगले गुण. तेव्हा दहापैकी मिळालेले गुण इथल्या गुणपत्रिकेत कसे बसवणार, तेही लेखी घ्या.

पैशाचं सांगते. विद्यार्थी व्हिसासाठी स्पेन सरकार महिन्याला किमान 600 युरोंची सोय दाखवायला लावतं. 2023 पासून हा आकडा तोच आहे. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर पाच महिन्यांचे तीन लाख झाले. तेवढ्यात कसंबसं भागतं, म्हणून तिकीट आणि विमा सोडून थोडी शिल्लक ठेवा. मुक्काम 180 दिवसांच्या आत असेल तर तिथं परदेशी नागरिकाचं ओळखपत्र काढायची धावपळ वाचते. बाकी कागदांची ताजी यादी मुंबईच्या स्पॅनिश वाणिज्य दूतावासाकडूनच घ्या, एजंटाच्या तोंडची नको. खोली न बघता फोटोवर भुलून कुणालाही आगाऊ भाडं पाठवू नका. पहिले आठ-दहा दिवस वसतिगृहात काढावेत आणि खोली डोळ्यांनी बघून घ्यावी.

आता पाच महिन्यांत काय शिकणार, ते. 1957 साली व्हॅलेन्सियाच्या बागांत ट्रिस्टेझा नावाचा विषाणूरोग दिसला. तिथली झाडं कडू संत्र्याच्या खुंटावर, म्हणजे कलमाखालच्या मुळाच्या झाडावर, बांधलेली होती आणि हा खुंट त्या रोगाला अजिबात टिकत नाही. लाखो झाडं गेली. लोकांनी बागा मोडल्या, पण पुन्हा लावताना खुंट बदलला आणि रोगमुक्त झाडाच्या डोळ्यांशिवाय (कलमासाठी काढलेल्या कळ्यांशिवाय) कलम नाही, असा नियम केला. शहराजवळ मोंकादा इथं सरकारी कृषी संशोधन संस्था आहे. शेंड्याचा अगदी बारीक तुकडा प्रयोगशाळेत कलम करून निरोगी मातृवृक्ष, म्हणजे कलमासाठी डोळे घ्यायची मूळ झाडं, तयार करायचं मोठं काम तिथं झालं. आपल्याकडं रोपवाटिकेतून आणलेलं रोप कुठल्या झाडाचं, हे विचारायची सोय नसते, आणि सात-आठ वर्षांची बाग डिंक्या रोगानं बसली की आपण नशिबाला बोल लावतो. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण मानांकनानं रोप निरोगी होत नाही. पोरीनं ती साखळी, मातृवृक्षापासून शेतकऱ्याच्या बांधापर्यंत, नीट बघून यावी. माझ्या मते एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा जाणं सार्थकी लागेल.

दुसरं, पाणी. व्हॅलेन्सियात दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दाराशी पाण्याचं न्यायालय भरतं. तुरिया नदीवरच्या आठ कालव्यांचे आठ पंच, सगळे स्वतः शेतकरी, अंगात काळा झगा घालून गोल बसतात. शिपाई एकेका कालव्याचं नाव पुकारतो आणि तक्रार आहे का विचारतो. असली तर दोन्ही बाजू तोंडी मांडायच्या. वकील नाही, कागद नाही, निकाल तिथल्या तिथं. ज्या कालव्याची तक्रार, त्याचा पंच निवाड्यात बसत नाही. 2009 साली युनेस्कोनं या न्यायालयाला वारसा म्हणून मान दिला. बऱ्याच गुरुवारी तक्रारच नसते आणि पाच-दहा मिनिटांत सगळं आटोपतं. पर्यटक फोटो काढून निघून जातात. मी मात्र तिथं उभी राहून जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या शेपटाकडच्या लोकांचा विचार करत असे. पाळी आली तरी पाणी वर मुरतं, मोटारी लागतात, पाटकऱ्याला विचारलं तर तो वर बोट दाखवतो. शेवटच्या शेतकऱ्यानं जायचं कुणाकडं? तिथं त्याला आठवड्याच्या आत जायला जागा आहे, आणि त्याचं ऐकणाऱ्याच्या पायाला चिखल लागलेला असतो. तुमची मुलगी सिंचन शिकतेय. हे तिला कुठलं पाठ्यपुस्तक शिकवणार नाही, म्हणून गुरुवारी दुपारचा तास घेऊ नको म्हणावं.

सुरक्षेचं एवढंच, की शहर रात्री उशिरापर्यंत जागं असतं. जेवणच नऊ-दहाला होतं, त्यामुळं पोरी एकट्या-दुकट्या सहज फिरतात. सांभाळायचे ते खिसेकापू. पासपोर्ट खोलीवर ठेवायचा, जवळ त्याची झेरॉक्स.

आणि तू, तळाशी लिहिणारी. नाही चालणार बरं का, न बोलून. प्रात्यक्षिकं गटात असतात आणि गप्प बसणाऱ्याला वहीत मोजमापं उतरवायचं काम मिळतं. वेळापत्रकात प्रत्येक तुकडीपुढं भाषा लिहिलेली असते : स्पॅनिश, वालेन्सियन (तिथली स्थानिक भाषा) किंवा इंग्रजी. पहिल्या खेपेला वालेन्सियनच्या तुकडीत नाव घालू नकोस. एखादा अवघड विषय इंग्रजीतून घे, सिंचन मात्र स्पॅनिशमधूनच. निघायच्या आत ए-टूची पुढची पायरी, बी-वन, गाठ. उच्चारांची तर काळजीच करू नकोस. इंग्रजीवाले ट-ड करत अडखळतात, तिथं तुझा मराठी त-द आणि खणखणीत र सरळ चालतो. रोज अर्धा तास मोठ्यानं बोल, विषय तुझ्याच बागेचा घे : ठिबक, ताण (बहारासाठी पाणी तोडणं), बहार, फळगळ. एप्रिलमध्ये तिथल्या संत्र्यांना बहार येतो. तेव्हा एखाद्या बागाईतदाराला ताण किती दिवस देता असं विचारलंस, तर तो तासभर सोडणार नाही. आणि खोली आपल्याकडच्या मुलींबरोबर घेऊ नकोस. मन रमतं, पण जीभ उघडत नाही.

काकूंसाठी खाण्याचं. बाहेर 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. सॅलडवर टूना मासा येतो, मसुरीच्या आमटीत डुकराच्या मांसाची सॉसेज असते, गार सूपवर वाळवलेल्या मांसाचे तुकडे भुरभुरतात. एकेक नाव घेऊन नको म्हणायचं. बटाट्याच्या जाड पोळीत अंडं असतं, तेही लक्षात ठेवा. होर्चाता हे पांढरं गोड पेय मात्र बिनघोर प्यावं. आपण शेतातून उपटून थकतो त्या लव्हाळ्याच्या भावकीतल्या एका गवताच्या गाठींपासून ते करतात, आणि शहराला लागूनच्या आल्बोराया गावात त्याची शेतं आहेत. घरी स्वयंपाक केला तर काही अडत नाही : तांदूळ, मसूर, हरभरे, वांगी, टोमॅटो मंडईत भरपूर. इथून हिंग, काळा मसाला आणि येसर द्या. ज्वारीचं पीठ दोन किलोच्या वर देऊ नका, बॅगेच्या वजनात पुस्तकांना जागा लागेल.