‘मालेम’ हे आडनाव नव्हे

प्रश्न असा आला आहे: न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या ‘बार्बेस’ या छोट्या क्लबात मोरोक्कोच्या गनावा संगीताचा कार्यक्रम होता, जाहिरातीत मुख्य कलाकाराचं नाव ‘मालेम हसन बेन जाफर’ असं होतं. यातलं ‘मालेम’ हे नाव, आडनाव की पदवी? मराठीत सांगताना ‘उस्ताद’ म्हटलं तर चालेल का? आणि गनावांच्या रात्रभराच्या विधीला ‘लीला’ म्हणतात, ती आपलीच लीला का?

पदवी. मूळ अरबी शब्द ‘मुअल्लिम’, म्हणजे शिकवणारा. मोरोक्कोच्या बोलीत त्याचा ‘मालेम’ झाला. ज्या धातूपासून तो निघाला त्याच धातूचे मालूम, इल्म, आलिम आणि आपली तालीम. अरबीत ‘तअलीम’ म्हणजे शिक्षण; आपण ती लाल मातीत नेली, शिवाय नाटकवाल्यांनाही दिली. त्यातला ‘ऐन’ हा घशातला वर्ण मराठी जिभेला कधी मानवला नाही. त्याच्या जागी काना देऊन आपण मोकळे होतो: मअलूमचं मालूम, मअरिफतचं मार्फत. म्हणून ‘मालेम’ हे देवनागरी रूप कानाला अजिबात परकं लागत नाही. खाली नुक्ते-बिक्ते देत बसू नये.

हाच शब्द समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्यावर आधीच उतरलेला आहे. अरबी खलाशी गलबताची वाट दाखवणाऱ्याला मुअल्लिम म्हणत, त्याचा इकडे ‘मालम’ झाला. भुजचा आईना महाल उभारणारा अठराव्या शतकातला कारागीर रामसिंग मालम, त्याच्या नावातला मालम हाच.

मोरोक्कोत मात्र मालेम फक्त गाणारा-बजावणारा नसतो. फेझ शहरात चामड्याचं काम करणारा, रंगीत फरशीचे तुकडे छिन्नीने घडवणारा, गवंडी, सुतार, हाताखाली पोरं शिकवणारा कुठलाही पक्का कारागीर मालेमच. गोव्यातला ‘मेस्त’ आठवा. सुतारही मेस्त, शिंपीही मेस्त आणि चर्चच्या शाळेत पोरांना सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य स्वरांचा पाठ, घोटवणाराही मेस्तच. (तो पोर्तुगीज ‘मेस्त्रे’पासून, आपला मिस्त्रीही त्याच घरचा.) मालेमचा अर्थ पकडायला मला हा गोव्याचा शब्द सगळ्यात जवळचा वाटतो.

गनावा म्हणजे सहारापलीकडून गुलाम म्हणून मोरोक्कोत आणलेल्या पश्चिम आफ्रिकी लोकांचे वंशज आणि त्यांची परंपरा. त्यांच्या गाण्यांत अजूनही बंबारा भाषेतले शब्द सापडतात. इथे मालेम होण्यासाठी कागदाचं प्रमाणपत्र नसतं. पोरगा आधी क्राकेब वाजवतो. ही लोखंडी करताल, प्रत्येक हातात एक जोडी. मग नाच, मग समूहातलं गाणं, आणि फार उशिरा गिंब्री हातात येते. एकाच ओंडक्यातून कोरलेली, उंटाच्या कातड्याने मढवलेली, आतड्याच्या तीन तारांची ही गिंब्री मांडीवर आडवी घेऊन मालेम बसतो. तारेवर पडणारा हात त्याच फटक्यात कातड्यावरही पडतो, त्यामुळे सूर आणि ठेका एकाच वाद्यातून निघतात. अख्ख्या रात्रीची गाणी ठरलेल्या क्रमाने निभावता आली आणि जुन्या मालेमांनी मान डोलावली, की झाला मालेम.

आता ‘उस्ताद’. चूक नाही, पण छटा वेगळी पडते. उस्ताद म्हटलं की आपल्यासमोर मंचावरचा एकटा कलावंत येतो, साथीदार बाजूला. मालेम हा जथ्याचा धनी, शिकवणारा, क्रम सांभाळणारा. मराठीत पर्यायच द्यायचा तर ‘वस्ताद’ द्या. शब्द तोच, पण तालमीत राहून त्याला नेमका हवा तो वास लागला आहे. माझं मत विचाराल तर मालेम तसाच ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत उलगडावा.

लीलेचं उत्तर सोपं आहे: नाही. ती अरबी ‘लैला’, म्हणजे रात्र. मोरोक्कोच्या बोलीत ‘ऐ’चा ‘ई’ होतो, म्हणून लैलाची लीला झाली. आपली लीला संस्कृत, अर्थ खेळ. रात्रभर चालणारी दशावतारी नाटकं बघून कुणाला नातं जुळवायचा मोह होईल, तो आवरावा.

त्यापेक्षा खरं नातं दुसऱ्याच शब्दाशी आहे आणि ते कुणी विचारत नाही. लीलेत मालेमच्या बरोबरीने ‘मुकद्देमा’ असते. ही बहुधा बाई. धूप, रंगीत वस्त्रं, कुणाच्या अंगात काय आलं आणि त्याला कुठला रंग द्यायचा, हे सगळं तिच्याकडे. मुकद्दम म्हणजे पुढे ठेवलेला, म्हणजेच ऊसतोडीच्या टोळीवरचा आपला मुकादम! १९८०च्या दशकात न्यूयॉर्कला गेलेले आणि गनावाला जॅझ-रॉकशी जोडणारे मराकेशचे हसन हकमून यांची आईही अशा विधींत लोकांवर उपचार करणारी होती. क्लबात मुकद्देमा लागत नाही, कारण तिथे कुणाला बरं करायचं नसतं. बार्बेसच्या मागच्या चिंचोळ्या खोलीत क्राकेब सुरू झाले की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, पण धूप नाही, रंगांचा क्रम नाही. राहतो तो मालेम आणि त्याचा जथा. जाहिरातीत ही एकच पदवी दिसते ती त्यामुळे.

फ्यूजनमध्येही ती टिकून आहे. १९९४ साली फॅरो सँडर्स या अमेरिकी सॅक्सोफोनवादकाबरोबर मोरोक्कोतल्या एसाविरा शहराचे महमूद गिनिया यांनी ध्वनिमुद्रण केलं, त्या तबकडीवरही ते मालेमच. हसन बेन जाफर यांच्या ‘इनोव्ह गनावा’ या जथ्याने बोनोबो या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराबरोबर केलेल्या गाण्याला २०१८च्या ग्रॅमीत नामांकन होतं. २०१९ साली युनेस्कोने गनावाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हापासून हे शब्द मराठी बातम्यांतही डोकावू लागलेत. म्हणून लिहिण्याचं एकदा ठरवून घेतलेलं बरं.

स्त्री असेल तर ‘माल्मा’. कासाब्लांकाची अस्मा हमझावी स्वतः गिंब्री वाजवते. तिला ‘मालेमबाई’ करू नका. ‘श्री. मालेम’ही नको, आणि ‘मालेम यांनी गायन केलं’ असं तर मुळीच नको, ते ‘पंडित यांनी गायन केलं’ म्हटल्यासारखं होतं. पहिल्यांदा ‘मालेम हसन बेन जाफर’, पुढे नुसतं ‘बेन जाफर’ लिहावं.