स्पर्धक प्रजातींचं मॉडेल: आधी तुकडे मोजा, नकाशा नंतर

अधिवास तुकड्यातुकड्यांत विखुरलेला असेल तर पहिल्याच दिवशी नकाशा काढायला बसू नका. आधी एवढंच लिहा: वरचढ प्रजातीच्या व्याप्तीतला दरवर्षीचा बदल = व × प × (1 − न − प) − म × प. इथे प म्हणजे व्यापलेल्या तुकड्यांचं प्रमाण, व वसाहतीचा (नव्या तुकड्यांत शिरण्याचा) दर, म तुकड्यातून नामशेष होण्याचा दर, न नष्ट झालेला हिस्सा.

दुबळ्या प्रजातीच्या समीकरणात मोकळ्या जागेतून दोन्ही प्रजातींची व्याप्ती वजा करा. शिवाय वरचढ प्रजातीने बळकावलेले तुकडेही वजा करा: व१ × प१ × प२ (१ म्हणजे वरचढ, २ म्हणजे दुबळी). नवखे हमखास हेच पद विसरतात. तपासायला व१ = 0.2, दोघींचा म = 0.1, न = 0 घ्या. प१ 0.5 वर स्थिरावला पाहिजे आणि दुबळी प्रजाती व२ 0.4 च्या वर असेल तरच टिकली पाहिजे. 0.35 लाही टिकत असेल तर पद राहून गेलंय.

आता न एकदम 0.5 करा. वरचढ प्रजातीचा शेवट ठरलेला आहे, पण 50 वर्षांनीही ती सुमारे 8 टक्के तुकड्यांत दिसेल. 1 टक्क्यावर यायला जवळपास 490 वर्षं लागतात. म्हणून शंभर वर्षांचा आलेख पाहून ‘टिकली’ म्हणू नका, फार घाई होते ती. हा विलोपनाचा थकलेला हप्ता (extinction debt), म्हणजे आज ठरलेलं पण उशिरा घडणारं नामशेष होणं, टिलमन आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये मांडला.

तुकडे मोजकेच असतील तर मात्र यादृच्छिक, म्हणजे योगायोग धरणारं मॉडेलच वापरा. या समीकरणात प कधीच शून्य होत नाही.