उरलेले तीन भ्रूण

"मॅडम, ते टाकून दिले तर भ्रूणहत्येचं पाप लागेल का?" आयव्हीएफ, म्हणजे लॅबमध्ये भ्रूण तयार करून गर्भाशयात सोडण्याचा उपचार, झालेल्या इतक्या जणींनी मला हे विचारलंय की आज एकीची गोष्ट सांगते, ओळख बदलून.

तिची मुलगी तीन वर्षांची. उरलेले तीन भ्रूण लॅबमध्ये, उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये. दर वर्षी फीचं पत्र येतं. ती पैसे भरते आणि आठवडाभर झोपत नाही.

आधी तिला ग्रंथातलं उत्तर हवं होतं. मी टाळलं नाही. शुक्र (पुरुषबीज), शोणित (स्त्रीबीज) आणि जीव कुक्षीत, म्हणजे गर्भाशयात, एकत्र आले की चरकसंहिता त्याला गर्भ म्हणते. गर्भोपनिषदात जीव सातव्या महिन्यात येतो. कॅथलिक चर्चच्या मते फलनापासूनच त्याला माणसाचा मान द्यायला हवा.
"मग मी कुणाचं ऐकू?"
"'भ्रूणहत्या' हा शब्द तुम्ही पहिल्यांदा कुठे वाचलात?"
बराच वेळ ती बोलली नाही. मी थांबले, असं थांबणं मला समुपदेशनाच्या वीस वर्षांत जमलंय.
"सोनोग्राफीच्या खोलीबाहेर. 'स्त्रीभ्रूणहत्या पाप आहे.'"

मुलगी नको म्हणून गर्भ पाडणाऱ्यांसाठी लिहिलेली ती पाटी, आणि मूल व्हावं म्हणून रोज पोटात इंजेक्शनं घेतलेल्या या बाईनं ती स्वतःला लावून घेतली होती! मग तिनं पर्समधून लॅबनं दिलेला फोटो काढला. कडा मऊ पडलेल्या, तीन करडे गोल. "मी यांना बाळंच म्हणते. नवऱ्यालाही सांगितलेलं नाही." आणि ती रडली. पापाचा प्रश्न घेऊन आलेली ही बाई खरं तर दुःख घेऊन आली होती. पापावर निवाडा मागतात. दुःखाला सोबत लागते. माझं सगळं काम या फरकावर उभं आहे.

म्हणून सांगते, फीचं पत्र आलं त्या दिवशी काही ठरवू नका. आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्यानं भ्रूण दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. पुढे ते नष्ट होऊ द्यायचे किंवा तुमच्या संमतीनं नोंदणीकृत संस्थेला संशोधनासाठी द्यायचे. दुसऱ्या जोडप्याला देता येत नाहीत, ती आशा धरू नका. निरोपाचा दिवा लावावासा वाटला तर लावा, कुणाची परवानगी नको. आणि उपचार अजून सुरू व्हायचे असतील तर किती भ्रूण तयार करायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारा.

त्या दोघांनी अजून कोणत्याच पर्यायावर सही केलेली नाही. हातात सहा वर्षं आहेत. यंदाचं पत्र मात्र नवऱ्यानं उघडलं, तिच्या शेजारी बसून.