क्राईम रिपोर्टरची नोकरी सोडून गुन्ह्यांवर पुस्तकं लिहावीत का?

तुम्ही विचारलंय की कोल्हापुरात दैनिकात चार वर्षं क्राईम बीट केलं, आता राजीनामा देऊन हुसेन झैदींसारखी खऱ्या गुन्ह्यांवर पुस्तकं लिहिली तर पोट भरेल का. मी याच गावात अकरा वर्षं हेच बीट केलंय आणि पुढं एक पुस्तकही काढलंय, म्हणून सांगतो. राजीनामा खिशातच राहू द्या.

पोटाचं आधी उरकतो. मराठीत पहिली आवृत्ती बहुधा हजार प्रतींची. किंमत ३०० रुपये आणि दहा टक्के मानधन धरलं, तर सगळ्या प्रती खपल्यावर हातात ३० हजार. माझ्या खपायला दोन वर्षं लागली, त्यातल्या पन्नासेक पाहुण्यांनी घेतल्या. झैदींचं म्हणाल तर ते आधी मुंबईतल्या इंग्रजी दैनिकांत वर्षानुवर्षं बातम्याच देत होते. १९९३ च्या बॉम्बस्फोटांवरचं ‘ब्लॅक फ्रायडे’ आलं २००२ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी. त्यावरचा सिनेमा तयार होऊनही हायकोर्टानं अडवला, कारण स्फोटांच्या, टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या खटल्याचा निकाल बाकी होता. पडद्यावर यायला २००७ उजाडलं.

पैशापेक्षा मोठी अडचण अशी, की आपली बातमी अटकेपाशी संपते. आपल्याच कोर्टातलं गावित बहिणींचं बालहत्याकांड घ्या. अटक १९९६ ला. २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं फाशी सुनावली, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली, २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टानं त्या अर्जात सरकारनं घालवलेल्या वर्षांवर बोट ठेवून फाशीची जन्मठेप केली. त्यांची आई, तीही आरोपीच, तर निकाल लागायच्या आधीच कोठडीत वारली. १९९६ ची कात्रणं चिकटवून जो पुस्तक करेल, त्याच्या हाती फक्त पहिलं प्रकरण आहे.

माझं तेच झालं होतं. एका खुनावर लिहायला बसलो, समोर माझ्याच बातम्यांची फाईल. निम्मा मजकूर झाल्यावर निकालपत्र वाचलं. मी सगळीकडं कोयता लिहिला होता, पंचनाम्यात जप्त झालेली होती कुऱ्हाड. रात्री साडेदहाला ठाणे अंमलदारानं फोनवर सांगितलं ते मी छापलं, दुसऱ्या दिवशी तेच उचलून पुढची बातमी केली. ज्यांना मी तीन दिवस ‘नराधम’ लिहिलं, त्यातला एक जण निर्दोष सुटला होता. ती बातमी आमच्याकडं आतल्या पानावर सहा ओळी, तीही मी दिलेली नव्हती. भेटायला गेलो तर तो पंक्चर काढत होता. म्हणाला, “फोटो तुम्हीच छापला न्हवं? बसा.” चहा पाजला. लिहिलेलं सगळं फाडून नव्यानं सुरुवात केली ती त्या चहानंतर.

कागद कुठं मिळतात, तर निकालपत्रं ई-कोर्ट्सच्या साईटवर फुकट आहेत. दोषारोपपत्र तसं मिळत नाही. ते जाहीर दस्तऐवज म्हणून साईटवर टाकायला सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२३ मध्ये नकार दिला. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात नकलेचा अर्ज करा, तुम्ही खटल्यातले कुणी नसल्यामुळं कारण नीट लिहा, आणि कोर्टाची परवानगी लागली तर चार फेऱ्यांची तयारी ठेवा. बचाव पक्षाच्या वकिलाशी आधी ओळख करून घ्या. सरकारी वकिलांकडं नव्या केसेसचा ढीग असतो; बचावाचा वकील मात्र जिंकलेल्या खटल्याचा कागद न् कागद जपतो आणि कौतुकानं दाखवतोही.

कायद्याची धास्ती वाटत असेल तर ऑटो शंकरचं प्रकरण वाचा. तमिळनाडूतला तो फाशीचा कैदी, त्याचं आत्मचरित्र एका साप्ताहिकाला छापायचं होतं, अधिकाऱ्यांना ते नको होतं. सुप्रीम कोर्टानं १९९४ मध्ये सांगितलं, की कोर्टाच्या आणि इतर जाहीर नोंदींवर आधारलेलं लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. नोंदींच्या पलीकडं कुणाच्या खासगी आयुष्यात शिरलात तर जबाबदारी तुमची. अत्याचार झालेल्या बाईची ओळख मात्र नोंदींत असली तरी उघड करायची नाही. पूर्वी ते भारतीय दंड संहितेचं कलम २२८-अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ७२ आहे. नुसतं नाव बदलून भागत नाही. गल्ली, शाळा आणि बापाचा धंदा लिहिला की आपल्याकडं चौथ्या माणसाला ओळख पटते.

तेव्हा नोकरी करत करत एक केस निवडा, जिचं अपील संपलंय अशी. चालू खटल्याला हात घालू नका. सुट्टीच्या दिवशी पंचांना, म्हणजे पंचनाम्यावर सही करणाऱ्या साक्षीदारांना गाठा. पंच बऱ्याचदा जागेजवळचा टपरीवाला असतो, त्याला कुणी नंतर काही विचारलेलंच नसतं, त्यामुळं भरभरून बोलतो. फक्त ओळखीच्या हवालदाराच्या गाडीवर मागं बसून जाऊ नका, पंच तोंड उघडणार नाही.