लिहायचे ठरले, पण ठेवायचे कुठे?

प्रश्न : मी शिंदखेडा तालुक्यातील एका गावी राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन मला तीन वर्षे झाली. सासूबाईंच्या तोंडून ऐकून उतरवलेल्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आणि कानबाई या खानदेशी देवीच्या अहिराणी गाण्यांच्या चार वह्या माझ्याकडे आहेत. त्यांपैकी दोन मी पूर्वी धुळ्याच्या एका डीटीपी केंद्रातून टंकून घेतल्या होत्या. ही गाणी अर्थासह ब्लॉगवर ठेवावीत अशी इच्छा आहे. पुतण्या वर्डप्रेस घ्या म्हणतो, मुलगी सबस्टॅक सुचवते आणि शाळेतील एक सहकारी ब्लॉगर. संगणकाचे ज्ञान बेताचेच आहे आणि फार पैसे घालण्याची तयारी नाही. कोणता मार्ग धरावा?
— एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : बाई, आपण ब्लॉगरवर सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे. पुतण्या आणि मुलगी चुकीचे सांगत नाहीत, परंतु त्यांनी सुचवलेली साधने वेगळ्या गरजेसाठी आहेत. आपली गरज अशी, की गाणी नीट दिसावीत, कोणाच्या मदतीवाचून आपल्याला ती चढवता यावीत आणि दहा वर्षांनीही ती सापडावीत.

ब्लॉगर ही सेवा १९९९ मध्ये सुरू झाली आणि २००३ पासून ती गूगलकडे आहे. जीमेलचे खाते असले की ती विनामूल्य मिळते, आपण होऊन लावल्याशिवाय लेखात जाहिराती येत नाहीत आणि तिच्या सूचना मराठीतही दिसतात. सजावटीत ती मागे आहे आणि गेल्या काही वर्षांत तिच्यात नवे फारसे आलेले नाही, हेही सांगायला हवे. मात्र वर गाणे, खाली अर्थ, एखादा फोटो आणि शेवटी ‘आखाजी’, ‘कानबाई’, ‘जात्यावरची ओवी’ अशी लेबले, एवढ्याला ती पुरून उरते.

वर्डप्रेस या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी येतात आणि नवख्या माणसाचा गोंधळ बहुधा इथेच होतो. ‘डॉट ऑर्ग’वर मिळणारे वर्डप्रेस हे २००३ पासूनचे विनामूल्य सॉफ्टवेअर आहे, पण ते ठेवायला होस्टिंगची, म्हणजे इंटरनेटवरच्या संगणकावरची भाड्याची जागा आणि स्वतःचा पत्ता (डोमेन) दरवर्षी पैसे भरून घ्यावा लागतो, शिवाय ते वेळच्या वेळी अद्ययावत करावे लागते, जोडलेली प्लगइन (जादा सोयींची छोटी सॉफ्टवेअर) जुनी राहिली की त्यांतून परके लोक आत शिरतात. शेत आपले, पण विहीर, मोटार आणि राखणही आपल्याच अंगावर, असा हा प्रकार आहे. ‘डॉट कॉम’वरचे वर्डप्रेस मात्र एक कंपनी चालवते. तिथे राखणीची काळजी नाही, परंतु फुकटच्या योजनेत आपल्या मजकुराजवळ कंपनीच्या जाहिराती दिसतात आणि स्वतःचा पत्ता जोडायचा तर पैशांची योजना घ्यावी लागते. कानबाईच्या गाण्याखाली कसलीही जाहिरात लागावी, हे मला तरी रुचणार नाही.

सबस्टॅक २०१७ मध्ये आले. तिथला लेख वर्गणीदारांच्या ईमेलमध्ये जाऊन पडतो, त्यामुळे दर आठवड्याला नवे पत्र लिहिणाऱ्याला ते चांगले आहे. आपली गाणी मात्र आखाजी जवळ आली, की माहेरवाशिणी मुद्दाम शोधणार आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकींना पाठवणार. त्यासाठी लेबलांनी लावून ठेवलेला ब्लॉगच बरा.

आता ज्या गोष्टीची मला साधनापेक्षाही अधिक काळजी वाटते, तिच्याविषयी. माझा पहिला ब्लॉग ज्या फुकटच्या सेवेवर होता, ती काही वर्षांनी बंद पडली. तशी सूचना आली होती, पण ती मी उघडायचे सोडून दिलेल्या ईमेल पत्त्यावर. साठाच्या आसपास लेख होते. त्यांपैकी मासिकात छापून आलेले अकरा तेवढे आज माझ्याजवळ आहेत. आजीने सांगितलेल्या बी-भरणीच्या पद्धतीवरचा लेख त्या अकरांत नाही आणि आजीही आता नाही. म्हणून कोणतेही साधन निवडताना पहिला प्रश्न हा विचारावा, की इथे ठेवलेले सगळे एकगठ्ठा बाहेर काढता येते का. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये सामग्रीचा बॅकअप घेण्याची सोय आहे आणि ती फाइल पुढे वर्डप्रेसमध्येही उतरवता येते. तिच्यात मजकूर असतो, फोटो मात्र नसतात, त्यांचे फक्त दुवे असतात; त्यामुळे फोटो वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावेत. दर पाच गाण्यांनंतर हे करण्याची सवय लावून घ्यावी, आणि मूळ वह्या तर हलवूच नयेत.

त्याचबरोबर ब्लॉगचे जीमेल खाते स्वतःच्या नावाचे असावे आणि त्याचा पासवर्ड वहीत लिहिलेला असावा. गावाकडे मोबाइलच्या दुकानात खाते उघडून मिळते, पासवर्ड दुकानदाराच्याही लक्षात राहत नाही आणि फोन बदलला की दार कायमचे बंद होते. खाते सलग दोन वर्षे वापरलेच नाही, तर ते काढून टाकण्याची मुभा गूगलने स्वतःकडे ठेवलेली आहे. त्याच खात्यात निष्क्रियतेची एक व्यवस्था असून, आपल्याकडून ठरावीक महिने हालचाल झाली नाही तर कोणाला कळवावे आणि कोणाच्या हाती काय द्यावे, हे दहा जणांपर्यंत नोंदवता येते. मुलीचे आणि पुतण्याचे नाव तिथे आजच घालून ठेवावे.

डीटीपी केंद्रातून टंकून घेतलेल्या दोन वह्यांविषयी एक सावधगिरीची सूचना. त्या बहुधा जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये असतील. तसे असेल तर ब्लॉगवर चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. फाँट बदलून देणाऱ्या परिवर्तकाने त्या सर्वत्र सारख्या दिसणाऱ्या युनिकोडमध्ये आणाव्यात आणि मग ओळन् ओळ वहीशी ताडून पाहावी. रफार आणि ‘ऱ्ह’ हे दोन हमखास बिघडतात, आणि अहिराणीत ‘ऱ्हायना’सारखी रूपे पदोपदी येतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून ‘जे’ची कळ मारली की ‘ऱ’ मिळतो. पुढे हलन्त आणि ‘ह’. बोलून टंकण्याची सोय अर्थ लिहिताना जरूर वापरावी, गाण्यासाठी मात्र नको. ती मराठीसाठी घडवलेली आहे, त्यामुळे ‘माले’ म्हटले की ‘मला’ उमटण्याचा धोका राहतो आणि वाचणाऱ्याला ती चूक कळतही नाही.

शेवटी एक बारीक गोष्ट. शीर्षक फक्त देवनागरीत असले की ब्लॉगर त्या लेखाला नुसता ‘ब्लॉग-पोस्ट’ असा पत्ता देतो. प्रकाशित करण्यापूर्वी उजवीकडच्या पर्मालिंकमध्ये (लेखाच्या पत्त्याच्या रकान्यात) ‘आखाजी-झोका’ असे काही इंग्रजी अक्षरांत लिहावे, म्हणजे चाळीस गाण्यांनंतर पत्त्यावरूनही गाणे ओळखू येईल.

प्रश्न : मी यावल तालुक्यातला केळी उत्पादक आहे, वय २६. शेतीचे अनुभव लिहायचे आहेत. मित्र म्हणतात की फेसबुक असताना ब्लॉग कशाला? आणि ब्लॉगमधून उत्पन्न मिळते का?

उत्तर : फेसबुकवरचे लिखाण चार दिवसांत खाली जाते आणि पुन्हा शोधून काढणे अवघड होते. तुमच्या मृगबागेत (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या बागेत) करपा रोगाचे पहिले ठिपके कोणत्या आठवड्यात दिसले, पाऊस किती होता, कोणती पाने काढली आणि फवारणी कधी केली, ही नोंद पुढच्या वर्षी दुसरा शेतकरी गूगलवर ‘केळी करपा’ लिहून शोधणार आहे. ती ब्लॉगवर असली, तरच त्याला सापडण्याची शक्यता आहे. तेव्हा लेख ब्लॉगवर ठेवा आणि फेसबुकवर त्याचा दुवा द्या.

उत्पन्नाच्या हिशेबाने साधन निवडू नका. गूगलच्या जाहिरातींचे पैसे १०० डॉलर जमल्याशिवाय हाती येत नाहीत आणि मराठी शेती ब्लॉगला तिथवर जायला फार वेळ लागू शकतो. तुमचे वय आणि उमेद पाहता, ब्लॉगरवर वीस लेख होईपर्यंत थांबा. तोवर लिहिण्याची सवय टिकते की नाही हे कळेल. टिकली, तर स्वतःच्या होस्टिंगवरचे वर्डप्रेस घ्या, कारण मृगबाग आणि पावसाळ्यानंतर लावलेली कांदेबाग यांचे वेगळे विभाग, खर्चाचे तक्ते वगैरे तिथे चांगले मांडता येतात. होस्टिंग घेताना पहिल्या वर्षाचा दर पाहून भुलू नका, नूतनीकरणाचा दर आधी विचारा. वर्डप्रेस शीर्षकावरून देवनागरी पत्ता बनवते, तो दिसतो छान, परंतु अनेक ठिकाणी चिकटवल्यावर प्रत्येक अक्षर-चिन्हाची नऊ इंग्रजी चिन्हे होतात. नुसत्या ‘केळी’ या शब्दाची छत्तीस. तिथेही पत्ता इंग्रजी अक्षरांतच लिहा.

प्रश्न : ब्लॉगसाठी स्वतःचा पत्ता मराठीत मिळू शकतो का?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : मिळतो. ‘.भारत’ हा देवनागरी पत्ता २०१४ पासून घेता येतो. मात्र काही अ‍ॅपमध्ये तो ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांच्या ओळीसारखा दिसतो आणि वाचक तो दुवा उघडायला बिचकतात. म्हणून मुख्य पत्ता ‘डॉट इन’चा घ्यावा आणि हौस असेल तर ‘.भारत’चा पत्ता त्याकडे वळवावा. ब्लॉगर स्वतःचा पत्ता जोडण्याचे पैसे घेत नाही. पत्ता विकणाऱ्याच्या पानावर दोन सीनेम नोंदी (पत्ता कुठे न्यायचा ते सांगणाऱ्या) भराव्या लागतात, आणि त्यानंतर जुन्या ब्लॉगस्पॉटच्या दुव्यावर गेलेला वाचक आपोआप नव्या पत्त्यावर येतो. पत्त्याची नोंदणी स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ईमेलने करावी, ब्लॉग बनवून देणाऱ्याच्या नावाने कधीही नको.